विश्लेषण : २०३८ नंतर फायलींवर तारीख कोणती पडणार? संगणकांच्या डिस्क आतापासून का तपासायच्या?

मोबाइलच्या गॅलरीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये एखादी फाइल ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ अशी तारीख घेऊन बसलेली अनेकांनी पाहिली असेल. त्या दिवशी ना डिजिटल कॅमेरा होता, ना पेन ड्राइव्ह. ही तारीख म्हणजे संगणकाच्या घड्याळातील शून्य. फाइलवर वेळ नोंदवलीच गेली नाही, की ते शून्य आपल्याला दिसते. याच घड्याळाला एक दुसरे टोकही आहे. ते मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येते. ‘वाय टू के थर्टी एट’ या नावाने हा प्रश्न संगणक क्षेत्रात बराच जुना आहे. प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरच्या पातळीवर तो बऱ्याच अंशी सुटलाही आहे. पण डिस्कवर फायलींच्या तारखा ज्या साच्यात लिहिल्या जातात, तो साचा डिस्क फॉरमॅट केली त्या दिवशी ठरतो आणि पुढे आपोआप बदलत नाही. म्हणून २०३८ च्या प्रश्नाचे उत्तर आज बसवल्या जाणाऱ्या यंत्रांतच दडलेले आहे.

१९७० ही तारीख येते कुठून?

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली, तेव्हा वेळ साठवण्यासाठी त्यांनी सोपी युक्ती वापरली. दिवस, महिना, वर्ष असे वेगवेगळे न लिहिता एका ठरावीक क्षणापासून किती वेळ गेला, एवढा एकच आकडा ठेवायचा. सुरुवातीला हा आकडा सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजला जाई. ३२ बिटच्या खात्यात असा हिशेब जेमतेम सव्वादोन वर्षे पुरतो. त्यामुळे काही काळ आरंभबिंदूच पुढे सरकवण्याची वेळ आली. पुढे पूर्ण सेकंद मोजायचे ठरले आणि १ जानेवारी १९७०, ग्रीनिच मध्यरात्र हा आरंभ कायम झाला. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे हे शून्य पहाटे साडेपाचचे दिसते. अमेरिकेत तेच ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ दाखवते.

ही पद्धत इतकी सोयीची होती, की लिनक्स, अँड्रॉइड, मॅक, बहुतेक डेटाबेस आणि इंटरनेटवरील असंख्य सेवांनी ती उचलली.

मग २०३८ मध्येच ती का संपते?

सेकंदांच्या खात्यात ३२ घरे होती. १९७० पूर्वीच्या तारखाही लिहिता याव्यात म्हणून त्यांतील एक घर धन की ऋण हे सांगण्यात खर्च झाले. उरलेल्या ३१ घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. इतके सेकंद म्हणजे साधारण ६८ वर्षे. १९७० मध्ये ६८ मिळवले की २०३८. पुढचा सेकंद आला की आकडा उलटून ऋण टोकाला जातो आणि तारीख होते १३ डिसेंबर १९०१.

हाच आकडा वेगळ्या निमित्ताने अनेकांनी ऐकला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचे यूट्यूबवरील व्ह्यूज याच मर्यादेला भिडले आणि कंपनीला आपला काउंटर ६४ बिटचा करावा लागला. व्ह्यूजचा काउंटर मोठा करायला एका कंपनीचा निर्णय पुरतो. तारखांचा काउंटर मात्र जगभरातील डिस्कवर, प्रत्येक फाइलच्या पोटात लिहिलेला आहे.

संगणक ६४ बिटचे झाले, मग काळजी कसली?

हा प्रश्न मीही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी विचारला होता आणि ‘आता काही काळजी नाही’ हे उत्तर लिहून गुणही मिळवले होते. उत्तर अर्धवट होते. ६४ बिटच्या संगणकात चालू वेळ मोजणारा आकडा अब्जावधी वर्षे पुरेल इतका मोठा असतो, हे खरे. पण तो आकडा असतो मेमरीत. फाइल सेव्ह होताना तिच्यावर टाइमस्टॅम्प, म्हणजे पोस्टाच्या पाकिटावर असतो तसा वेळेचा शिक्का, डिस्कवर लिहिला जातो. त्यासाठी किती जागा राखायची, हे फाइल सिस्टीम ठरवते. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवरील फायलींची नोंदवही. नोंदवहीचा रकाना अरुंद असेल, तर कारकून कितीही हुशार असून उपयोग नाही.

लिनक्समधील ‘ईएक्सटी’ कुटुंबाचे उदाहरण घ्या. येथे प्रत्येक फाइलची नोंद ‘आयनोड’ नावाच्या चौकटीत असते. जुन्या ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ मध्ये ही चौकट सहसा १२८ बाइटची आणि तारखेचा रकाना ३२ बिटचा होता. म्हणजे मर्यादा २०३८. ईएक्सटी४ मध्ये चौकट २५६ बाइटची झाली आणि प्रत्येक तारखेला आणखी ३२ बिट मिळाले. त्यांतील ३० बिट सेकंदाचे अब्जांश नोंदवण्यात गेले. उरलेले दोन बिट सेकंदांच्या खात्याला जोडले. एवढ्या दोन बिटांनी मर्यादा २०३८ वरून थेट २४४६ पर्यंत नेली.

गोम अशी, की ईएक्सटी४ जुन्या १२८ बाइटच्या चौकटीतही तयार करता येते. लहान आकाराच्या डिस्कवर जागा वाचावी म्हणून डिस्क तयार करणारे साधन काही वर्षांपूर्वीपर्यंत आपणहून हीच लहान चौकट निवडत असे. लहान डिस्क कुठे असतात? बूट होण्यासाठी राखलेल्या छोट्या भागात आणि मेमरी मर्यादित असलेल्या पेटीबंद उपकरणांत. एकदा बसवले की पंधरा-वीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही, अशा यंत्रांच्या वाट्याला अरुंद रकाना येण्याची शक्यता त्यामुळे अधिक. शिवाय ईएक्सटी३ वरून ‘अपग्रेड’ केलेल्या डिस्कवर नाव ईएक्सटी४ चे आणि चौकट जुनी, असेही असते. नावावरून काही कळत नाही.

तारीख चुकली तर नेमके काय बिघडेल?

हा लेख लिहिण्याआधी लॅपटॉपवर एक छोटी आभासी डिस्क मुद्दाम १२८ बाइटच्या चौकटीने तयार केली. तयार होतानाच लिनक्सच्या साधनाने बजावले, की ही चौकट २०३८ नंतरच्या तारखा पेलू शकत नाही. डिस्क जोडल्यावर कर्नलच्या नोंदीतही २०३८ चा इशारा उमटला. मग एका फाइलवर १ जानेवारी २०४० ही तारीख घालायचा प्रयत्न केला. आज्ञा निमूटपणे पूर्ण झाली, चूक दाखवली नाही. फाइलवर तारीख पडली ती १९ जानेवारी २०३८, सकाळी ८.४४.०७.

म्हणजे आताचे लिनक्स कर्नल तारीख १९०१ मध्ये फेकत नाही, तर शेवटच्या शक्य क्षणावर गोठवते. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ही पद्धत आली. त्याआधीच्या कर्नलवर प्रकार आणखी विचित्र आहे. फाइल मेमरीत असेपर्यंत तारीख बरोबर दिसू शकते, यंत्र बंद करून सुरू केले आणि नोंद डिस्कवरून पुन्हा वाचली, की तीच फाइल १९०१ ची होते.

गोठलेली तारीख वरवर निरुपद्रवी वाटते. तसे नाही. बहुतेक सर्व्हरवर आणि सीसीटीव्हीच्या साठवणुकीत ‘३० दिवसांपेक्षा जुन्या फायली पुसून टाका’ असा रात्रीचा नियम असतो, नाही तर डिस्क भरून जाईल. आता समजा साल २०३८, महिना मार्च. यंत्राचे घड्याळ अचूक चालू आहे. पण आज दुपारी तयार झालेल्या फाइलवर शिक्का पडला आहे १९ जानेवारीचा. नियमाच्या दृष्टीने ती ३० दिवसांहून जुनी. रात्री ती पुसली जाईल. उद्याचीही, परवाचीही. १८ फेब्रुवारीनंतर त्या यंत्रावर कोणतीच नवी फाइल एका रात्रीपेक्षा जास्त टिकणार नाही आणि नोंदीत मात्र ‘काम यशस्वी’ असेच लिहिलेले असेल. जिथे तारीख १९०१ ची पडेल तिथे हे १९ जानेवारीच्या रात्रीच सुरू होईल.

बॅकअपचे दुखणे उलट्या दिशेचे. रोजचा बॅकअप सगळ्या फायलींची नक्कल करत नाही, बदललेल्याच उचलतो. ‘आरसिंक’सारखे सर्रास वापरले जाणारे साधन फाइल बदलली की नाही, हे आधी आकार आणि तारीख या दोनच गोष्टींवरून ठरवते. डेटाबेसच्या किंवा आभासी यंत्राच्या अनेक फायलींचा आकार आधीच ठरवून राखलेला असतो, आत कितीही लिहिले तरी तो बदलत नाही. तारीखही गोठली, तर साधनाच्या लेखी ती फाइल बदललेलीच नाही. बॅकअप तिला वगळेल. हे लक्षात येईल ते मूळ डिस्क बिघडून बॅकअपची गरज पडेल त्या दिवशी.

विमाने पडतील, वीज जाईल अशा मथळ्यांपेक्षा मला ही दोन उदाहरणे जास्त धोक्याची वाटतात. कारण यात काहीच बंद पडत नाही. बंद पडलेले यंत्र दुरुस्त करायला माणूस तरी येतो.

असा प्रकार आधी कधी झाला आहे का?

झाला आहे, आणि २०३८ ची वाट न पाहता. १ जानेवारी २०२२ रोजी जगभरातील अनेक कंपन्यांच्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरवर ई-मेल रांगेत अडकून पडल्या. व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून ठरे. नव्या वर्षाचा क्रमांक झाला २२०१०१०००१ आणि तो ३२ बिटच्या मर्यादेपेक्षा मोठा होता. २०२१ संपेपर्यंत सगळे ठीक, २०२२ उजाडताच ठप्प.

त्याहून बोलके उदाहरण मे २००६ चे. एओएलच्या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘कधीच मुदत संपू नये’ या अर्थाने मुदत एक अब्ज सेकंदांची ठेवण्याची प्रथा होती. १३ मे २००६ रोजी ‘आता अधिक एक अब्ज सेकंद’ ही बेरीज २०३८ च्या पलीकडे गेली आणि सर्व्हर कोसळू लागले. आजपासून पुढच्या तारखा मोजणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला हा प्रश्न आधीच भेटतो. पंधरा वर्षांचा पीपीएफ किंवा वीस वर्षांचे गृहकर्ज आज सुरू केले, तर त्याची शेवटची तारीख २०३८ च्या पुढे जाते. बँका त्या तारखा सांभाळतात, कारण त्या डेटाबेसमध्ये दिसतात आणि चुकल्या तर ग्राहक लगेच ओरडतो. (तिथेही खाचखळगे आहेत. मायएसक्यूएलमधील ‘टाइमस्टॅम्प’ हा रकाना २०३८ लाच संपतो, ‘डेटटाइम’ संपत नाही.) फाइलच्या पोटातील तारखेला असा ओरडणारा ग्राहक नाही.

दुरुस्ती कोणी आणि कशी केली?

लिनक्सच्या बाबतीत हे काम अनेक वर्षे चालले. आर्न्ड बर्गमन यांनी त्याचे नेतृत्व केले. फाइल सिस्टीमशी संबंधित मोठा बदल दीपा दिनमणी यांनी केला. कर्नलच्या आत फायलींच्या सर्व तारखा ६४ बिटमध्ये हाताळण्याची त्यांची दुरुस्ती २०१८ मध्ये ४.१८ या आवृत्तीत आली. २०२० च्या मार्चमधील ५.६ आवृत्तीपासून ३२ बिटच्या यंत्रांवरही कर्नल २०३८ पार करू शकतो. त्याच्या वरचा थर, म्हणजे प्रोग्रामना वेळ पुरवणाऱ्या लायब्ररी, २०२१ पर्यंत तयार झाल्या. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील आवृत्तीसाठी ३२ बिट एआरएम यंत्रांवरील हजारो पॅकेजेस ६४ बिट वेळेसह नव्याने बांधली.

मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या एक्सएफएस या फाइल सिस्टीमची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण कामाची डिस्क जिथे असते तिथे ती फार आढळते. रेड हॅटने २०१४ मध्ये आपल्या सातव्या आवृत्तीपासून तिलाच मूळ पर्याय केले. एक्सएफएसमध्ये तारखेला ६४ बिट पूर्वीपासून होते, पण अर्धे सेकंदांना आणि अर्धे अब्जांशांना असे कडक वाटप होते. त्यामुळे जागा असूनही मर्यादा २०३८. ओरॅकलमधील डॅरिक वाँग यांनी ही भिंत काढली. ६४ बिटचा एकच सलग काउंटर केला, तो १९०१ पासून अब्जांश सेकंदांत मोजायचा. एक बाइटही न वाढवता मर्यादा २४८६ पर्यंत गेली. ‘बिगटाइम’ नावाची ही सोय डिसेंबर २०२० मध्ये कर्नल ५.१० सोबत आली. नव्या साधनांनी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ती आपोआप असते. जुन्या डिस्कवर मात्र मुद्दाम सुरू करावी लागते, त्यासाठी डिस्क काही काळ कामातून काढावी लागते, आणि एकदा सुरू केली की ५.१० पूर्वीचा कर्नल ती डिस्क उघडूच शकत नाही. एकच डिस्क जुन्या-नव्या दोन सर्व्हरना आलटूनपालटून जोडणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

ईएक्सटी४ मधील १२८ बाइटची चौकट मोठी करणे याहून कटकटीचे. साधन आहे, पण सध्याच्या ईएक्सटी४ मध्ये सर्रास असलेल्या एका सुविधेसोबत ते चालत नाही. व्यवहारात उपाय एकच. सगळे दुसरीकडे हलवा, डिस्क नव्याने फॉरमॅट करा, सगळे परत आणा. घरच्या संगणकावर ही एका रविवारची गोष्ट. कारखान्यात चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला तेवढी उसंत मिळायला वर्षे लागू शकतात.

फोन, पेन ड्राइव्ह आणि विंडोज यांचे काय?

सध्याच्या अँड्रॉइड फोनमधील साठवणूक बहुतांशी एफटूएफएस किंवा मोठ्या चौकटीच्या ईएक्सटी४ वर असते. आयफोनमध्ये २०१७ पासून एपीएफएस आहे. तिथे काळजीचे कारण नाही. विंडोजची एनटीएफएस १६०१ सालापासून मोजते आणि हजारो वर्षे पुरते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवरील फॅट३२ व एक्सफॅट वर्षाची मोजणी १९८० पासून सात बिटांत करतात, म्हणून त्यांची मुदत २१०७. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्क घरात पडून असतील, तर त्यांचे घड्याळ ६ फेब्रुवारी २०४० ला संपते. लग्नाचे, मुलांचे फोटो अशा बाहेरच्या डिस्कवर असतील, तर हलवायला वेळ भरपूर आहे.

साचा चांगला असूनही वाचणाऱ्याने घोळ घातल्याचेही उदाहरण आहे. सीडीच्या आयएसओ साच्यात २१५५ पर्यंतची वर्षे मावतात. लिनक्स मात्र तो बाइट धन-ऋण समजून वाचत असे, त्यामुळे तारखा २०२७ नंतरच चुकल्या असत्या. २०१७ मध्ये हे सापडले आणि दुरुस्त झाले.

आपल्याकडे कोणी, काय तपासायचे?

वाय टू केच्या वेळी भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना अमेरिकेतील जुने प्रोग्राम तपासण्याचे प्रचंड काम मिळाले. मुंबई-पुण्यातील अनेक घरांत तेव्हा पहिल्यांदा कोणी तरी ‘ऑनसाइट’ गेले. मी तेव्हा चालायला शिकत होते, पण घरात त्याची चर्चा नंतरही ऐकली. १ जानेवारी २००० ला फार काही झाले नाही, म्हणून ‘तो सगळा बागुलबुवा होता’ असे आजही म्हटले जाते. काही झाले नाही, कारण आधी काही वर्षे माणसे बसून तपासत होती. या वेळी फरक असा, की दुरुस्ती फुकट आणि तयार आहे. फक्त ती कोणत्या पेटीत पोहोचली आहे, याची यादी कोणाकडे नाही.

म्हणून विचारायचे ते खरेदीच्या वेळी. गृहनिर्माण सोसायटीचा सीसीटीव्ही, रुग्णालयातील चित्रे साठवणारा सर्व्हर, कारखान्यातील नियंत्रक, पतसंस्थेचा बॅकअप. यांपैकी जे पुढे बारा-पंधरा वर्षे वापरात राहणार आहे, त्याच्या पुरवठादाराला दोन प्रश्न विचारता येतात. आत कर्नल कोणत्या आवृत्तीचा आहे? आणि साठवणुकीचा साचा २०३८ नंतरच्या तारखा लिहू शकतो, हे लेखी द्याल का? निविदेत एक ओळ वाढवायला खर्च येत नाही.

ज्यांच्या हाताखाली सर्व्हर आहेत, त्यांना आजच कर्नलची नोंद चाळून डिस्क जोडतानाचा २०३८ चा इशारा शोधता येईल. नसेल तर २०४० ची तारीख एखाद्या रिकाम्या फाइलवर घालून पाहणे हीच सर्वांत स्वस्त चाचणी. यंत्राचे घड्याळ मात्र पुढे करू नये, निदान चालू यंत्राचे तरी नाही. वर सांगितलेला ३० दिवसांचा नियम त्या क्षणी सगळ्याच फायलींना लागू होईल. २०१६ मध्ये गंमत म्हणून आयफोनची तारीख १ जानेवारी १९७० करणाऱ्यांचे फोन सुरूच होईनासे झाले होते, ॲपलला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. चाचणी करायचीच तर डिस्कच्या नकलेवर, नेटवर्कपासून तोडलेल्या यंत्रात.

काहींसाठी मुदत २०३८ च्या बरीच आधी आहे. एक्सएफएसच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या साच्यात बिगटाइम बसत नाही. लिनक्सने या साच्याचा आधार सप्टेंबर २०२५ पासून मूळ मांडणीत बंद ठेवण्याचे आणि सप्टेंबर २०३० मध्ये तो पूर्ण काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. २०१५ च्या आसपास किंवा त्याआधी फॉरमॅट केलेल्या अनेक एक्सएफएस डिस्क याच साच्यातील असू शकतात.